पायी माणसांना तिकीट नाही

पोदेराचा भोंगा ह्यांना हल्ली ऐकू येत नाही.
मला येतो, पण मी गुडघे धरून उठेपर्यंत
सायकल देवळाच्या वळणाला लागलेली असते.
म्हणून परवा रात्री दाराच्या कडीला पिशवी अडकवली,
आत दहाची दोन नाणी.
सकाळी पिशवीत चार उंडे, गरम,
आणि सगुण म्हणतो, बघ, देव आहे.

हो, नाव घेते मी नवऱ्याचं.
पूर्वी घेत नव्हते.
सासू गेली, नणंद गेली, आता कुणाला ऐकू जाणार?
त्याला तर मुळीच नाही.

एकतीस वर्षं तो फेरीबोटीवर दोर टाकायचा.
केरी ते तेरेखोल, तेरेखोल ते केरी.
लग्नाच्या दुसऱ्या दिवशीही ड्यूटी होती.
कुणी समुद्राचं विचारलं तर म्हणायचा,
मी नदीचा माणूस,
समुद्र जाताना डाव्या हाताला असतो,
येताना उजव्या.

घरी बसला त्याला नऊ वर्षं झाली.
अजून पहाटे कधीतरी झोपेत
त्याचा उजवा खांदा उसळतो.
मी त्यावर हात ठेवते.
बोट लागली, म्हणते. झोप.

आमचा उमेश तारवटी.
फोनमध्ये त्याच्यामागे नेहमी एक पांढरा दरवाजा,
कुठल्या समुद्रातला, विचारायचं राहून जातं.
बरे आहात ना, म्हणतो.
आम्ही दोघं एकदमच हो म्हणतो
आणि सगुण फोन असा धरतो
की पोराला आमचा पंखाच दिसतो, फिरणारा.

किनाऱ्यावरचं आणखी एक सुरू आडवं झालंय.
मुळं वर, त्यात कुणाची तरी चप्पल.
सगुण मोजत नाही. मी मोजते.

आज दुपारी भांडी घासता घासता म्हटलं,
चल, पलीकडे जाऊ.
कशाला?
कशाला काय, पायी माणसांना तिकीट नाही.

त्याने इस्त्रीचा शर्ट घातला.
मी साडीच बदलली नाही, त्याचा राग आला त्याला.
बोटीवर दोन स्कूटर, गॅसची गाडी,
टोपी घातलेली एक गोरी मुलगी, आणि आम्ही.
सगुण आपोआप पुढे गेला, साखळीपाशी, जिथे तो उभा राहायचा.
नारिंगी जाकिटातला पोरगा म्हणाला,
काका, पिवळ्या पट्ट्याच्या मागे.

काका मागे आले.

मी पाण्याकडे बघत राहिले.
अशा वेळी बघू नये माणसाकडे.

एका हाताने टाकतो हा दोर, सगुण पुटपुटला, चुकेल.
नाही चुकला.
नीट खुंट्यावर बसला, पहिल्याच फेकीत.
मग पलीकडच्या टपरीवर लिंबूसोडा येईपर्यंत
माझा नवरा एक शब्द बोलला नाही.
सोडा अर्धा पिऊन म्हणाला,
पोरगा चांगला आहे.
आणि उरलेला मला दिला, वायू गेलेला.

तिथे काय बघायचं होतं? काही नाही.
आपलं गाव बघितलं, इकडून.
आपलं घर दिसतं का म्हणून शोधलं.
तो म्हणाला, ते माड तीन, त्याच्यामागे.
मी म्हटलं, ते नव्हे, त्याच्या अलीकडे.
यावरून येतानाची अख्खी फेरी भांडलो
आणि बोट लागली कधी, दोर पडला कधी,
आज त्याला कळलंसुद्धा नाही.

घरी आलो तर बांगडे मांजराने नेलेले.
झाकण मीच ठेवलं नव्हतं.
तसं त्याने म्हटलं नाही,
बरणीतली दोन तोरां काढली, पेजेबरोबर,
मोठं माझ्या ताटात.

आता तो कडीला पिशवी अडकवतोय.
दहाचं एकच नाणं सापडलं त्याला,
दुसऱ्याच्या जागी पन्नासची नोट टाकत होता.
काढ ती, म्हटलं, पाचची दोन घाल.
देवाकडे सुटे नसतात.